मामांचे तीन लाख फेब्रुवारीच्या आत द्यायचे का?

पुण्यातल्या धायरीहून एका 27 वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण धडाधड सापडू लागले, त्यांत ती एक. आधी दोन दिवस जुलाब, आठवड्याने पायांत मुंग्या, मग जिना चढता येईना, आणि त्यानंतर दोनच दिवसांत व्हेंटिलेटर. मार्चमध्ये घरी आली. ऑगस्टपासून पूर्ण पगारावर काम करते, त्यातले तीन दिवस घरून. डाव्या पायाला अजून स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, आहे.

बिल 14 लाख 20 हजार. कंपनीच्या मेडिक्लेमचे 5 लाख संपले. घरातले 1 लाख 20 हजार गेले, मामांनी 3 लाख दिले, आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ बँकेत ठेवून 3 लाख उचलले, वडिलांनी बार्शीच्या पतसंस्थेतून 2 लाख काढले. आता फेब्रुवारीत मामेबहिणीचं लग्न आहे. मामा म्हणतात, "राहू दे गं, घाई नाही." पण हिला रात्री झोप लागत नाही. म्युच्युअल फंडात 2 लाख 40 हजार, एफडी 90 हजार, बचत खात्यात 60 हजार. सगळं मोडून मामांचे पैसे एकदम परत करू का, हा तिचा प्रश्न. शिवाय हिंजवडीच्या एका कंपनीने हातात 62 हजार देऊ केलेत. सध्या 46 मिळतात.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे: "डॉक्टर म्हणतात तू 80 टक्के बरी झालीस, म्हणजे आता फेडायला लागायला हवं." माझा सगळा हिशेब उरलेल्या त्या 20 टक्क्यांवर उभा आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. नसेचा तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणून कमरेपासून लांब असलेलं पाऊल सगळ्यांत शेवटी सुधारतं. थकवा तर पुष्कळांना वर्ष उलटलं तरी सोडत नाही. आजार पुन्हा उलटणं विरळा, शंभरात दोन ते पाच जणांना, पण शून्य नव्हे. तुमच्या रजा आजारपणातच संपल्यात. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल भरतो, बुडालेला पगार भरत नाही. म्हणजे पुढचं वर्षभर तुमच्या पगाराला आधार फक्त तुमच्याच खात्याचा.

तुमचा महिना मांडून पाहिला. घरखर्च 22 हजार, फिजिओथेरपी 7 हजार, पतसंस्थेचा हप्ता 6,836. म्हणजे 36 हजारांच्या आसपास जातात, हातात 10 हजार उरतात. जानेवारीअखेर तुमच्याकडे 3 लाख 90 हजार अधिक तीन महिन्यांचे 30 हजार, असे 4 लाख 20 हजार असतील. फेब्रुवारीत सोनेतारणाचं वर्षही भरतं, हे पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय. साडेनऊ टक्क्यांनी 28,500 व्याज तेव्हा भरावं लागेल, तरच ते पुढे चालू राहील. मामांना 3 लाख आणि बँकेला व्याज दिलंत की उरतात 91 हजार, जेमतेम अडीच महिन्यांचा खर्च. तुमच्या पहिल्या आजारपणात पगार पाच महिने अर्धा किंवा शून्य होता.

म्हणून 1 लाख 80 हजार बाजूला ठेवा, पाच महिन्यांचे. त्याला मामा, बँक, पतसंस्था कोणासाठीच हात लावायचा नाही. व्याज भरून उरतात 2 लाख 10 हजार. ते मामांना द्या.

नुसतं गणित केलं तर हे चूक आहे, मला ठाऊक आहे. पतसंस्था 14 टक्के घेते, तिथे अजून 1 लाख 62 हजार बाकी आहेत, मामा तर पैसाही व्याज घेत नाहीत. महागडं कर्ज आधी, हे मीच दर पत्राला सांगते. पण पतसंस्थेचा हप्ता तुम्ही आठ महिने न चुकता भरताय, ती गाडी रुळावर आहे. मामांच्या पैशाला मात्र तारीख आहे, त्यांनी सांगितली नाही एवढंच. हॉलची अनामत, सराफ, बस्ता, सगळं जानेवारीतच लागतं. भाची आजारी म्हणून त्यांनी दिले, आता लेकीच्या लग्नात हात आखडता घ्यावा लागला तर ते बोलणार नाहीत, मामी मात्र लक्षात ठेवतील. (माझ्या माहेरी एका पंचवीस हजारांपायी दोन घरांचं दिवाळीचं येणंजाणं अकरा वर्षं बंद होतं, ते पैसे फिटल्यानंतरही.) तेव्हा याच आठवड्यात फोन करा आणि "कधी देऊ" असं विचारू नका. "20 डिसेंबरला एक लाख, जानेवारीअखेर एक लाख दहा, उरलेले 90 हजार मार्चपासून दरमहा दहा" असं सांगा. माणसाला किती येणार हे कळलं की त्याला बाकीची सोय करता येते.

फंड मोडताना एक वर्षाहून जुनी युनिट्स आधी काढा. शेअर फंडातला दीर्घ मुदतीचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत करमुक्त असतो, तुमचा त्याच्या आतच आहे. एसआयपी वर्षभर थांबवली तरी काही बिघडत नाही.

सोन्याचा भाव गहाण ठेवलं तेव्हापेक्षा खूप वर गेलाय. बँक फेब्रुवारीत त्याच दागिन्यांवर आणखी दीड लाख देऊ करेल, आणि त्यातून पतसंस्था फेडून टाका असं कोणीतरी सुचवेल. साडेचार टक्के वाचतात, खरंय. तरी मी घेऊ देणार नाही. वर्षाने एकरकमी फेडायचं कर्ज हप्त्याच्या कर्जासारखं आपोआप उतरत नाही, आणि तुम्ही पुन्हा दोन महिने आडव्या पडलात तर आईच्या पाटल्यांचा लिलाव होईल. आई स्वतःच "विकून टाक" म्हणतेय, असं तुम्ही लिहिलंय. आज मोहनमाळ विकली तरी तारण सुटेल असा भाव आहे. हा निर्णय त्यांचा. फक्त त्या तुमची झोपमोड बघून म्हणताहेत की मनापासून, हे मामांचा पहिला लाख गेल्यावर पुन्हा एकदा विचारा.

नोकरीचं मात्र मला सोपं वाटत नाही. सोळा हजार जास्त म्हणजे मामांचे 90 हजार नऊऐवजी चार महिन्यांत. पण धायरी ते हिंजवडी, आठवड्याचे पाच दिवस, स्प्लिंट घालून? कॅब केलीत तर त्या सोळातले बरेचसे तिथेच जातील. आधी एक करून बघा: सध्याच्याच ऑफिसला चार आठवडे रोज जा. चौथ्या शुक्रवारी घरी येऊन स्वयंपाक करवला, तर बोलणं पुढे न्या आणि एप्रिलचं जॉइनिंग मागा. तेव्हाही तीन गोष्टी ईमेलवर लेखी घ्या. ग्रुप मेडिक्लेम पहिल्या दिवसापासून आहे का, आधीचे आजार त्यात धरतात का, आणि प्रोबेशनमध्ये आजारपणाची रजा किती. जुन्या कंपनीचा शेवटचा दिवस आणि नव्याचा पहिला यांत एकाही दिवसाची फट नको.

स्वतःच्या पॉलिसीसाठी ओळखीच्या एजंटने "जीबीएसचं लिहू नका, कोण बघतंय" असा सल्ला दिलाय. त्या गृहस्थांचा नंबर काढून टाका. तुमच्या पाच लाखांच्या क्लेमची नोंद आहे, लपवलेलं उघड झालं की क्लेम नाकारतात आणि पॉलिसीही जाते. खरं लिहा. कंपनी प्रीमियम वाढवेल, किंवा सहा महिन्यांनी या म्हणेल. आधीच्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा लावता येते, ती जितकी लवकर सुरू होईल तितकी लवकर संपेल. नोकरी सोडायची ठरलीच, तर ग्रुप पॉलिसी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेता येते का, हे राजीनाम्याच्या आधी एचआरला विचारा, नंतर नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढं स्वस्त पडेल.

फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदाच करून 3 हजार वाचवू का, असंही विचारलंत. नाही. स्कूटरबद्दलही लिहिलंत, ते स्प्लिंट निघाल्यावर बोलू.