होडीची मोटार पाण्यात मध्येच बंद पडते

प्रश्न : आम्ही उजनीच्या फुगवट्यावर मासेमारी करतो. कोकणातून वापरलेली ८ हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटार आणली. पाण्याच्या पिंपात लावली की पहिल्या दोरीला चालू होते आणि हवी तेवढी चालते. होडीला लावून जाळ्याकडे निघालो की थोड्या वेळात दम सोडते, बंद पडते. जरा थांबलं की परत चालू. गावातला मिस्त्री म्हणतो, रिंग-पिस्टन गेलंय, इंजिन खोलू. खोलायचं का?
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : खोलू नका, निदान एवढ्यात तरी. रिंगा गेलेलं इंजिन थंड असताना सहसा पहिल्या दोरीला उठत नाही. तरी मिस्त्रीच्या समाधानासाठी दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेजनं मोजा. गेज पुण्यात आमच्या नाना पेठेत कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो. दोन्ही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असले, तर पिस्टनचा विषय तूर्त बाजूला ठेवा.

पिंपात चालते म्हणून मोटार चांगली, असं धरू नका. पिंपातली चाचणी म्हणजे रिकामा ट्रक सपाटीवर फिरवून बघणं. दिवे घाटात काय होईल ते त्यावरून कळत नाही. पिंपात तुम्ही मोटार हळू चालवता, पेट्रोल कमी लागतं. होडीत माणसं, जाळी, बर्फ आणि थ्रॉटल पूर्ण. चोंदलेली नळी तेव्हाच उघडी पडते. म्हणून खरी चाचणी पाण्यातच घ्यायची. काठाच्या जवळ राहा, दुसरा माणूस बरोबर घ्या आणि वल्ही विसरू नका.

माझा पहिला संशय पेट्रोलवर. मोटार दम सोडायला लागली की एकानं सुकाणू धरायचं आणि दुसऱ्यानं लगेच पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा हातात घ्यायचा. तो चपटा होऊन बसला असेल, तर टाकीतून पेट्रोल निघतच नाही. टाकीच्या झाकणावर हवेचा छोटा स्क्रू असतो, तो आधी बघा. टाकी टेम्पोतून आणताना तो बंद करतात आणि मग तसाच राहतो. माझ्याकडे ‘पिस्टन गेलं’ म्हणून आलेल्या मोटारींपैकी काही त्या स्क्रूवर बऱ्या होऊन गेल्या आहेत. स्क्रू उघडा असेल तर टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी साफ करा.

फुगा मऊ लागला, आणि दाबत राहिल्यावर मोटारनं पुन्हा उचल खाल्ली, तर मोटारीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा कमजोर आहे किंवा नळीच्या जोडावरचा ओरिंग (रबरी कडी) हवा खेचतोय. दोन्ही वस्तू स्वस्त आहेत. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या मोटारीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, नाहीतर कडक होतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून ठेवा, तळाशी वेगळा थर दिसला तर ते मोटारीत घालू नका. नवीन पेट्रोलमध्ये टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) किती, हे मोटारीच्या पुस्तकात बघा. ५०:१ लिहिलं असेल तर ५ लिटरला १०० मिली. अंदाजानं बुचभर ओतणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

फुगा टणक भरलेला आहे आणि तरी मोटार बसते? मग चोक अर्धा ओढून बघा. क्षणभर उचलली तर कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोंदलाय. नाही उचलली तर करंट (प्लगची ठिणगी) किंवा उष्णता.

उष्णतेचं तुमच्या बाबतीत खास कारण आहे. मोटार कोकणातली, म्हणजे खाऱ्या पाण्यातली. मोटार थंड ठेवणारं पाणी फिरायच्या वाटांत आणि थर्मोस्टॅटमध्ये (पाणी तापलं की उघडणारी झडप) मीठ धरलेलं असू शकतं. मागून पाण्याची पिचकारी नीट उडते म्हणून निर्धास्त राहू नका. पंप पाणी देतोय एवढंच त्यावरून कळतं, हेडपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यापर्यंत पोचतंय हे नाही. बंद पडल्या पडल्या कव्हर उघडून हेडवर पाण्याचे दोन थेंब टाका. चर्र करून उडाले तर हेड तापलंय. थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या गरम पाण्यात धरा; पाण्याला उकळी यायच्या बऱ्याच आधी तो उघडायला हवा. वापरलेल्या मोटारीचा इंपेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक) मी तर न बघताच बदलतो. आणि तुमच्याकडे जलपर्णी. पाणी आत घेणाऱ्या जाळीवर तिची मुळं अडकली नाहीत ना, तेही बघा.

हेड थंड असेल तर गरम मोटारीचाच करंट तपासा. तापल्यावर ठिणगी देणारी कॉइल दगा देते आणि निवल्यावर शहाण्यासारखी वागते. पेट्रोलची नळी काढून, सांडलेलं पुसून, प्लगची बॉडी हेडला टेकवून दोरी ओढा. ठिणगी निळी, जोरकस हवी. प्लग हवेत लोंबकळत ठेवून ओढलंत तर कॉइल खरोखरच जाईल.

जाता जाता पंखा काढून मागे बघा. जाळ्याचा नायलॉन धागा शाफ्टला गुंडाळून सील कापतो. गिअर ऑइल ताकासारखं पांढरं निघालं, तर आत पाणी शिरलंय.

प्रश्न : भाटघर धरणावर होडीवर चढवताना मोटार पाण्यात पडली. चालू नव्हती. लगेच काढली. आता?
— एक वाचक, भोर

उत्तर : आजच चालू करा. चांगल्या पाण्यानं धुवा, प्लग काढा, भोकं खाली करून दोरी हळू ओढा, आतलं पाणी निघू द्या. कचकच वाटली तर थांबा, वाळू आहे. कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, सिलिंडरांत थोडं टूटी ऑइल सोडा, ताज्या पेट्रोलवर पिंपात अर्धा तास चालवा. दोन दिवस उन्हात वाळवत ठेवू नका. गंज आत बेअरिंगला धरतो, तिथे ऊन पोचत नाही.