शिक्षा पंचनाम्यात असते

नागपूर

पोरी,

"सात वर्षांनी काय होणार सर, वाघ मारणाऱ्याला फाशीच हवी," असं तू लिहिलंस. राग समजतो. पण फाशीची तरतूद असती तरी वीज सोडलेल्या तारेनं वाघ मारल्याचा तुझ्या खटल्यातला हा आरोपी सुटलाच असता. निकालातलं कारण तूच उतरवून पाठवलं आहेस: शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) जप्त केलेली तार आणि कोर्टात दाखवलेली तार एकच, हे पंचाला सांगता आलं नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा मऊ नाही गं. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे वाघासारख्या, प्राण्याची शिकार केली तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७. २०२२ च्या दुरुस्तीपासून दंड किमान २५ हजार. व्याघ्र प्रकल्पात शिकार झाली तर दंड ५० हजार ते २ लाख, आणि दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान ७ वर्षं नि ५ ते ५० लाख. आणखी काय हवं? शिक्षा पंचनाम्यात असते.

"तार डुकरासाठी लावली होती," म्हणाला ना तो? म्हणू दे. डुक्करही वन्यप्राणीच, आणि मारायचा प्रयत्नसुद्धा कायद्यात शिकारच. पण तार त्याचीच, हे दाखवायचं कुणी? आपणच.

२०१६ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातून जय नावाचा वाघ गेला, तो कुठे गेला हे आजही कळलेलं नाही. तुझ्यासमोर तर वाघ पडलेला होता, तार होती, खुंट्या होत्या. एवढं हाताशी असून केस जाते म्हणजे काय!

पुढच्या वेळी महावितरणच्या माणसानं लाइन बंद केल्याशिवाय हात लावू नकोस. मग ११ केव्हीच्या वीजवाहिनीवर टाकलेल्या आकड्यापासून सुरुवात कर. खुंट्या मोज, तारेची जमिनीपासूनची उंची मोज, तार जिथे जळली, जिथे वाघाचे केस चिकटले, तिथला फोटो घे. पोत्यात कोंबून आणू नकोस. कापडात बांध, लाखेचं सील मार, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लाव, आणि हे सगळं तिथेच, धुऱ्यावर बसून. आरोपीची कबुली एसीएफसमोर, म्हणजे सहायक वनसंरक्षकांसमोर घे. कलम ५०(८) खाली त्यांनी आरोपीच्या हजेरीत नोंदवलेली साक्ष खटल्यात चालते. पोलिसांपुढच्या कबुलीला ती किंमत नाही.

माझ्या हाताखालची पोरं यावरूनच चिडायची. वाघ मेलाय, गाव जमलंय, आणि साहेब तार मोजत बसलेत! एका वरिष्ठांनी तोंडावर सुनावलं, आधी आरोपी उचला, कागद मागाहून रंगवा. मी ऐकलं नाही. आजही ऐकणार नाही. उचललेला माणूस जामिनावर येतो, मागाहून रंगवलेला कागद उलटतपासणीत फाटतो. मला हट्टी म्हणायचे, म्हणोत. शिक्षा पंचनाम्यातच असते, दुसरीकडे कुठेही नसते.

सलतं ते पंचांचं. मजुरी बुडवून, एसटीचं भाडं पदरचं घालून तारखेला यायचे, आणि कोर्टाबाहेर बसून परत जायचे. साक्षीची पाळी येईस्तोवर थकून गेलेले असायचे. तुझा पंच फितूर झाला असं सरसकट धरू नकोस. त्याला भेट. किती हेलपाटे झाले ते विचार.

रडून झालं असेल तर रविवारी सेमिनरी हिल्सला ये. निकाल, पंचनामा आणि मुद्देमाल नोंदवहीच्या प्रती आण. अपिलाची मुदत चालू आहे, सोमवारी सरकारी वकिलांकडे जायचंय.