उद्या केंद्रावर जाण्याआधी

पोरी,

उद्यापासून पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रावर जाणार म्हणालीस. फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहितोय.

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली, त्यामुळं दूध, गॅस, पेट्रोल सगळं अडकलेलं. शिरोळ तालुक्यातली माणसं मिळेल त्या शाळेत, मंगल कार्यालयात उतरली होती. मी एका शाळेवर होतो आणि पहिल्याच दिवशी माती खाल्ली. जेवणाच्या रांगेत एक बाई ताट धरून उभी, पुढं सरकेना. मी म्हटलं, "मावशी, घ्या की, लाजताय कशाला, फुकटच आहे." तिनं ताट खाली ठेवलं आणि वर्गात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली. चार म्हशींचं दावण असलेलं घर तिचं. उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या पंगतीला रांग लावली नसेल.

दुसऱ्या दिवशी मी वाढायला गेलोच नाही. "मावशी, भाकरी थापायला माणूस कमी पडतंय, येता का?" एवढंच विचारलं. परातीपाशी बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. पीठ मळता मळता आपणहून बोलली, म्हशींची दावी कापून आलोय, कुठं वाहत गेल्या देव जाणे. मी गप्प बसलो. "होईल सगळं नीट" असलं काही तूही बोलू नकोस. आपल्याला काय माहीत?

म्हाताऱ्या माणसांना बीपीच्या, साखरेच्या गोळ्यांबद्दल पहिल्या तासातच विचार. नाव सांगता येत नाही, "बारकी गुलाबी गोळी" म्हणतात. मग डॉक्टरांशी गाठ घालून दे, अंदाजानं काही देऊ नकोस. पॅडचा खोका टेबलावर मांडू नको, बायकांच्या वर्गात एखाद्या काकूंकडं ठेवायला दे. जुन्या कपड्यांचे ढीग येतील, त्यातले फाटके आधीच बाजूला काढ, लोकांना उपसायला लावू नको. आणि फोटो नाही. कुणी कितीही मोठा माणूस आला तरी हातात मदतीचं पाकीट धरलेल्या बाईचा फोटो नाही.

पाणी उतरलं की केंद्र रिकामं होतं, मदतीला आलेलेही परततात. तू चार दिवस राखून ठेव. घरात गुडघाभर गाळ असतो, भिजलेल्या धान्याला वास सुटलेला असतो, आणि तिथं नेमकं कुणी नसतं. खराटा, फावडं तिथं मिळेल, गमबूट मिळणार नाहीत. माझे माळ्यावर आहेत, घेऊन जा. तुला मोठे होतील, दोन मोजे घाल.

तुझा,
काका