एफडी मोडून सहीची पुस्तकं घ्यावीत का?

उदगीरच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. ते ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतात. वय ४१, हाती पगार ७८,०००, गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ४८,०००. मुलगी तिसरीत आहे. राष्ट्रीयीकृत बँकेत ५ लाखांची एफडी, एका मल्टिस्टेट पतसंस्थेत १२ टक्क्यांनी ३ लाख आणि दिवाळीत ९२,००० ची आरडी सुटणार. आधुनिक इंग्रजी भयकथांच्या पहिल्या आवृत्त्या ते सहा वर्षांपासून जमवतात, आजवर १४ झाल्या. पुण्याचे एक संग्राहक परदेशी चालले आहेत, ते नऊ पुस्तकांचा लॉट ४,२०,००० ला देतात. त्यात स्टीफन किंगची तीन पुस्तकं, 'द शायनिंग' ८५,०००, सही असलेलं 'इट' ९५,०००, 'द गनस्लिंगर' ६०,००० आणि छोट्या प्रकाशनांच्या सहा नंबर्ड (मोजक्याच छापून प्रत्येक प्रतीवर क्रमांक घातलेल्या), सहीच्या आवृत्त्या १,८०,०००. या आठवड्यात एक लाख टोकन मागितलं आहे. "एफडी मोडून घेऊ का? मुलगी अकरावीला लातूरला जाईल तेव्हा विकून खर्च निघेल का?"

सर, आधी निर्णय सांगतो. पूर्ण लॉट घेऊ नका, एफडीला हात लावू नका. 'द शायनिंग' तपासणीत खरं उतरलं तर तेवढं एक दिवाळीच्या आरडीतून घ्या आणि वहीत ते छंदाचा खर्च म्हणूनच लिहा. मुलीच्या शिक्षणाच्या रकान्यात एकही पुस्तक यायला नको.

हा छंद वाया जाणारा आहे असं मला म्हणायचं नाही. चांगल्या स्थितीतली खरी पहिली छपाई दुर्मीळ होत जाते आणि तिची किंमत डॉलरमध्ये ठरते, हा तुमच्या बाजूचा मुद्दा आहे. २०१४ च्या मध्यावर डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या मध्यावर ८३ च्या पुढे. म्हणजे पुस्तकाचा भाव डॉलरमध्ये जागचा हलला नाही तरी रुपयात वर्षाला साधारण ३.३ टक्के वाढ दिसली. पण अडचण विकताना येते.

मुलगी अकरावीत जायला आठ वर्षं आहेत. ४,२०,००० एफडीत ७ टक्क्यांनी राहिले तर आठ वर्षांनी ७,२१,००० च्या वर होतात. तुमचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने नव्या करप्रणालीत त्या व्याजावर सध्या कर बसत नाही. पुस्तकं विकताना मात्र लिलावाचं किंवा वेबसाइटचं कमिशन, विम्यासह कुरिअर, पॅकिंग आणि चलनबदल मिळून २५ टक्के सहज जातात. हातात ७,२१,००० पडायचे तर विक्री ९,६२,००० ला व्हायला हवी. म्हणजे दरसाल १०.९ टक्के वाढ. रुपयाची घसरण मागच्यासारखीच धरली तरी डॉलरमधला भाव आठ वर्षं सलग ७.४ टक्क्यांनी चढायला हवा, तेही तुम्ही आज योग्य भावात घेतलं असेल तर. आणि हे झालं फक्त एफडीशी बरोबरी करायला.

दुसरी गोष्ट तारखेची. लातूरच्या क्लासची फी जूनमध्ये भरावी लागते. पुस्तकाचं गिऱ्हाईक जूनमध्ये येईलच असं नाही, नऊ पुस्तकांना नऊ वेगवेगळी गिऱ्हाइकं लागतात. घाई असली की एकच दार उरतं, जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याचं. तो पुढे ज्या भावाने विकणार त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत देतो. त्यात त्याचा दोष नाही, त्याला माल वर्षानुवर्षं सांभाळायचा असतो. सोनं उदगीरच्या सराफ लाईनमध्ये तासाभरात मोडता येतं आणि त्यावर बँक कर्जही देते. सहीच्या पुस्तकावर कोणतीच बँक कर्ज देणार नाही.

आता लॉटकडे बघू. 'इट' ही कादंबरी व्हायकिंग प्रकाशनाने १९८६ साली काढली तेव्हा पहिलीच छपाई लाखोंच्या घरात होती, त्यामुळे सहीशिवाय त्या प्रतीला फारशी किंमत नाही. तुमच्याकडे मागितलेले ९५,००० जवळजवळ पूर्णपणे सहीचे आहेत. आणि साध्या ट्रेड आवृत्तीवरची (दुकानात सगळ्यांना मिळणाऱ्या प्रतीवरची) सुटी सही हीच या धंद्यात सगळ्यात जास्त नकली निघणारी गोष्ट. सोबत "सर्टिफिकेट" दिलं तरी ते देणारा कोण, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही. मर्यादित आवृत्तीत सही छापील लिमिटेशन पानावर (किती प्रती आणि ही कितवी, हे सांगणाऱ्या पानावर) असते आणि प्रकाशकाने ती पानं लेखकाकडून करून घेतलेली असतात, म्हणून तिचा भरवसा कितीतरी जास्त. 'इट' सोडून द्या.

'द गनस्लिंगर' डोनाल्ड ग्रँट या छोट्या प्रकाशकाने १९८२ साली काढलं. ट्रेड प्रती १०,००० आणि सहीच्या नंबर्ड प्रती ५००. तुम्हाला मिळणारी प्रत सहीशिवायची, म्हणजे दहा हजारांतली आहे, तरी विक्रेत्याने यादीत तिच्यापुढे "लिमिटेड" लिहिलं आहे. शिवाय १९८४ मध्ये दुसरी आवृत्ती आली, कॉपीराइट पानावर तसं छापलेलं असतं. ते पान न बघता ६०,००० मोजणं चूक ठरेल.

उरलेल्या सहा नंबर्ड प्रतींमध्ये तुमचे १,८०,००० अडकतात आणि माझी जास्त काळजी त्यांचीच आहे. चामड्याची किंवा उंची कापडाची बांधणी, स्लिपकेस (पुस्तक सरकवून ठेवायची पेटी), आत सही, ५०० पैकी २१७ असा नंबर. सगळं देखणं. पण मर्यादित आहे ती त्या विशिष्ट आवृत्तीची संख्या. तीच कादंबरी उद्या दुसरा प्रकाशक नवी चित्रं घालून पुन्हा "मर्यादित" काढू शकतो, आणि गाजलेल्या भयकादंबऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार होतं. आधीच्या आवृत्तीचं नवेपण त्याने उतरतं. काही प्रकाशक जुन्या ग्राहकाला पुढच्या पुस्तकातही तोच नंबर राखून ठेवतात. एकाच नंबरचा संच असेल तर त्याला जास्त भाव येतो. या सहांचे नंबर एकच आहेत का ते विचारा, आणि नंबर राखण्याचा हक्क तुमच्या नावावर होणार का हेही प्रकाशकाकडून लेखी घ्या. तो हक्क पुस्तकाबरोबर आपोआप येत नाही. नंबर वेगवेगळे असतील तर सहाही सोडा.

राहिलं 'द शायनिंग', डबलडे प्रकाशन, १९७७. याची परीक्षा सर्वात स्पष्ट आहे, म्हणून मी यालाच कौल देतो. कॉपीराइट पानावर 'फर्स्ट एडिशन' हे शब्द हवेत. जॅकेटच्या, म्हणजे बाहेरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या, आत दुमडलेल्या पुढच्या घडीवर ८.९५ डॉलर किंमत छापलेली हवी. मग पान ४४७ उघडा आणि पुस्तक हलक्या हाताने दाबून शिवणीकडच्या खाचेत बघा. तिथे बारीक अक्षरांत छपाईचा संकेतांक असतो, 'आर४९' (R49). बुक क्लबची (सभासदांसाठी वेगळी छापलेली) प्रत लांबून तशीच दिसते, पण घडीवर किंमत नसते, कागद हलका असतो आणि बऱ्याचदा मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात छोटा खळगा दाबलेला असतो. जॅकेटच्या पुढच्या घडीचा किमतीचा कोपरा कात्रीने तिरका कापलेला असेल तर छापलेली किंमत गेली असं समजा, मग इतर खुणा पटल्या तरी भाव पाडून मागा. लायब्ररीचा शिक्का, पानांवर तांबूस ठिपके, पुस्तकाच्या कण्याचा उडालेला रंग, आत कुणाचं नाव, प्रत्येकाने किंमत उतरते. जॅकेटच नसेल तर घेऊच नका. या पुस्तकांच्या किमतीचा मोठा भाग जॅकेटमध्येच असतो.

टोकन देऊ नका. आधी फोटो मागवा, ते पटले तर दिवाळीनंतर रात्रीच्या गाडीने पुण्याला जा, सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि टॉर्च ठेवा. सही तपासतानाही हीच दोन साधनं लागतात: टॉर्च आडवा धरला की पेनाने कागदावर पडलेला दाब दिसतो. भिंगाखाली छापील सही ठिपक्यांची दिसते. यंत्राने केलेल्या सहीत रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असते आणि टोकांना शाईचे गोल ठिपके असतात. सहीची ही तपासणी 'द शायनिंग'ला लागणार नाही, पण तुमच्याकडच्या १४ प्रतींना लागेल.

भाव पडताळताना मागितलेल्या किमती बघू नका, विकल्या गेलेल्या किमती बघा. त्यावर इथवर यायचा खर्च चढवा. हिशेबापुरता डॉलर ९० धरला तर ५०० डॉलरचं पुस्तक ४५,००० चं, पोस्टेज ७० डॉलर म्हणजे ६,३००. या ५१,३०० वर सीमाशुल्क २०१९ च्या अर्थसंकल्पापासून ५ टक्के, अधिभारासह ५.५, म्हणजे २,८२२. परकीय चलनातल्या खरेदीवर कार्डाचं ३.५ टक्के मार्कअप (जादा शुल्क) आणि त्यावरचा जीएसटी धरून २,११९. एकूण ५६,२४१ आणि वर कुरिअरची हाताळणी. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे कुणी त्या नावाने १८ टक्के जोडले तर देऊ नका. 'द शायनिंग'च्या विकल्या गेलेल्या किमतीवर असाच हिशेब करा, आणि पुण्याची प्रत त्या आकड्यापेक्षा महाग पडत असेल तर ८५,००० चा आग्रह सोडायला लावा.

तुमच्या पत्रात पुस्तकांपेक्षा जास्त जोखमीची एक रक्कम आहे, पतसंस्थेतले ३ लाख. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा असतो, मल्टिस्टेट पतसंस्थेला तो नाही. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत बंद शटरपुढे ठेवीदारांचे काय हाल झाले ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मुदत संपण्याची वाट न बघता, व्याज कापलं तरी चालेल, ते पैसे काढा. सहा महिन्यांचा खर्च २,८८,००० होतो, तेवढे एफडीत कायम राहू द्या. म्हणूनच एफडी पुस्तकांसाठी मोकळी नाही. काढलेले ३ लाख मुलीसाठी लावा. सुकन्या समृद्धी खातं मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत उघडावं लागतं, तिसरीतल्या मुलीला फार वेळ उरलेला नाही. वर्षाला दीड लाख भरता येतात. दहावी पास झाल्यावर किंवा १८ पूर्ण झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा, शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. अकरावीच्या जूनला याचा बरोबर मेळ बसतो. यंदा दीड आणि पुढच्या एप्रिलमध्ये दीड, हे माझ्या मते लॉटपेक्षा आधी करायचं काम आहे.

घरी असलेल्या १४ प्रतींबद्दल. उदगीरचा उन्हाळा कोरडा, त्यात चामडं तडकतं आणि पुठ्ठे वाकतात. पावसाळ्यात बुरशी आणि कसर. भिंतीतल्या कडप्प्याच्या कपाटात ठेवू नका, ओल आणि वाळवी तिथूनच येते. लोखंडी कपाट, आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर. आत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा, काटा ४० ते ५० च्या दरम्यान राहावा. पावसाळ्यात सिलिका जेल, ओलं झालं की पुन्हा तापवून वापरता येतं. कडुनिंबाचा पाला पुस्तकात घालू नका, त्याचे डाग पानावर उतरतात. डांबराच्या गोळ्याही नकोत. जॅकेटला पॉलिएस्टरचं पारदर्शक आवरण घाला, पीव्हीसीचं नाही, आणि फाटलेल्या जागी सेलोटेप कधीच नाही.

घराचा विमा असेल तर पुस्तकं नगासह आणि किमतीसह वेगळी नोंदवून घ्या, नाहीतर दाव्याच्या वेळी ती साधी पुस्तकं म्हणून मोजली जातील. किल्लारीच्या जिल्ह्यात राहतो आपण, पॉलिसीत भूकंप आहे ना हेही वाचा. विक्रीवरच्या कराबाबत, एखादं वापरातलं पुस्तक विकणं वेगळं आणि नफ्यासाठी घेऊन नियमित विकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तो धंदा धरला जाऊ शकतो, म्हणून पावत्या जपा आणि मोठी विक्री करण्याआधी सीएला दाखवा. प्रत्येक प्रतीची एक यादी करा: नंबर, घेतल्याची तारीख, किंमत, पावती, कॉपीराइट पानाचा आणि सहीच्या पानाचा फोटो. ती मॅडमना दाखवून ठेवा. तुम्ही नसताना ही पुस्तकं रद्दीवाल्याच्या काट्यावर गेली तर दोष त्यांचा नसेल.

पुण्याला आज एवढंच कळवा: "लॉट घेणार नाही. 'द शायनिंग' एकटं द्यायचं असेल तर कॉपीराइट पान, जॅकेटच्या दोन्ही घड्या आणि पान ४४७ ची खाच यांचे फोटो पाठवा. पटलं तर दिवाळीनंतर समक्ष येऊन, बघून, पूर्ण रक्कम देईन." फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तेही सोडा.