डायलिसिसचा वार बघून काढलेला मुहूर्त

"घरात बाबा एवढे आजारी, आणि आपण लग्नाची हौस करायची? बरं दिसतं का वो, मॅडम?" अशा अर्थाचा प्रश्न समुपदेशनाच्या कामात माझ्याकडे वारंवार येतो. त्यातली ही एक हकिकत घरच्यांच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

सोलापूरच्या पूर्व भागातली मुलगी. आई विड्या वळते. वडिलांचं आयुष्य यंत्रमागावर, जेकार्डच्या म्हणजे विणतानाच नक्षी उमटणाऱ्या चादरी विणण्यात गेलं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. दर खेपेला चार तास. लग्न दोनदा पुढे ढकललेलं. "मेंदीचा कोन हातात घेतला तरी चोरी केल्यासारखं वाटतंय," म्हणाली आणि रडायला लागली.

मी विचारलं, "बाबांना काय वाटतं?"

कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना त्रास नको म्हणून लग्नाचा विषय ते झोपल्यावर निघायचा. हे मी फार घरांत बघते. मायेपोटीच आपण आजारी माणसाच्या हातातलं सगळं काढून घेतो, आणि मग तो आपल्याच घरात पाहुणा होतो. त्याला ते कळत असतं.

पुढच्या वेळी तिघं आली. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अंतरपाट आपल्या मागावरचा पाहिजे."

मागापाशी उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं. पण जेकार्डची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर होते. एकेक घर भरायचं, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो. डायलिसिसच्या वेळी डावा हात अडकलेला, उजवा मोकळा. त्या हाताने त्यांनी घरं भरली. दोन मोर, मध्ये दोघांची नावं. पट्ट्या पाडणं आणि विणणं मागावरच्या जुन्या तेलुगू जोडीदाराने अंगावर घेतलं.

डायलिसिसच्या दिवशी ते गळून जायचे, दुसऱ्या सकाळी जरा तरतरी असायची. म्हणून गुरुजींना आधी गुरुवार सांगितला आणि मग मुहूर्त काढायला लावला. कार्यालय नाही, घरापुढचंच अंगण. डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला, फिस्टुलाचा डावा हात गर्दीत कुणी ओढू नये म्हणून भाच्याला त्या बाजूला बसवायचं ठरलं.

आत्याबाई कुरकुरल्या, "मुलीचा बाप उभासुद्धा राहणार नाही, हे कसलं लग्न?" त्यावर आईने सोलापूरच्या ग्रामदैवताच्या जत्रेचा जो दाखला दिला तो मला फार आवडला. "गड्ड्याच्या यात्रेत कुंभारकन्येचं लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लावतो की आपण. अख्खं गाव अक्षता टाकतंय. मग आमचे हे बसून राहिले तर काय बिघडलं?"

मुलीचं अपराधीपण मात्र एका बैठकीत गेलं नाही. मेंदीच्या रात्री तिचा फोन आला. मी एवढंच म्हटलं, "आधी बाबांना हात दाखवून ये." परत फोन आला नाही.

लग्नाला मी गेले होते. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या. बाबांनी तो मांडीवर घेतला, उलटा केला, अंगठ्याने नक्षी चाचपली आणि जोडीदाराला जवळ बोलावून म्हणाले, "मोराच्या पायाशी एक धागा सुटलाय की रे."