अमेरिकेतल्या मोठ्या रेकॉर्ड कंपन्या परदेशी मालकांच्या आहेत, मग अमेरिकी सरकार त्यांच्यासाठी का भांडतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीनपैकी पहिल्या दोन बड्या रेकॉर्ड कंपन्या परदेशी मालकांकडे जाऊच कशा दिल्या, आणि त्या गेल्यावरही त्यांच्या गाण्यांसाठी अमेरिका इतर देशांशी व्यापारात वाद का घालते. मी न्यू जर्सीत राहते आणि बरीच वर्षं रॉयल्टीच्या हिशेबाचं काम केलं आहे. माझ्या टेबलावरून गेलेल्या कागदांवर मालकाचं नाव अनेकदा बदललं. गायक-वादकांची नावं मात्र तीच राहिली. त्यामुळे हा प्रश्न मी त्यांच्या बाजूने बघते, हे आधीच सांगते.

विक्री अडवायची तर तसा कायदा लागतो, आणि तो कधीच नव्हता. रेडिओ आणि टीव्हीच्या परवान्यांवर १९३४ च्या कायद्याने बंधन घातलं होतं. परवाना असलेल्या कंपनीत परदेशी वाटा २० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नव्हता, तिच्या मूळ कंपनीत २५ च्या वर. म्हणून तर रुपर्ट मर्डॉक यांनी टीव्ही स्टेशनं घेण्याआधी १९८५ मध्ये अमेरिकी नागरिकत्व घेतलं. रेडिओच्या लहरी जनतेच्या मालकीच्या, हा त्यामागचा विचार. तबकडी मात्र कायद्याच्या नजरेत साबणाच्या वडीसारखाच एक माल होता.

शिवाय या धंद्यात मालकी समुद्रापलीकडे जाणं काही नवं नव्हतं. आपल्याकडच्या एचएमव्हीच्या रेकॉर्डवर भोंग्यापुढे बसलेला कुत्रा आठवतो ना? तोच कुत्रा आमच्या राज्यातल्या कॅमडेनमध्ये व्हिक्टर कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या मनोऱ्यावर रंगीत काचेत अजून बसलेला आहे. या व्हिक्टरने १९२० मध्ये ब्रिटिश ग्रामोफोन कंपनीचा अर्धा हिस्सा घेतला होता. पाचच वर्षांनी उलटं घडलं. विजेवर चालणाऱ्या रेकॉर्डिंगचं तंत्र वेस्टर्न इलेक्ट्रिककडे होतं आणि त्याचा परवाना अमेरिकी कंपन्यांनाच मिळत होता. तो मिळावा म्हणून ब्रिटिश कोलंबियाने आपली पूर्वीची मालक असलेली अमेरिकन कोलंबियाच विकत घेतली. पुढे १९५५ मध्ये कॅपिटल ही अमेरिकन कंपनी ब्रिटनच्या ईएमआयकडे गेली, १९७९ मध्ये अरिस्टा जर्मनीच्या बर्टेल्समनकडे, १९८६ मध्ये आरसीएही त्यांच्याचकडे. १९९० मध्ये एमसीए जपानच्या मात्सुशिताने घेतली, १९९३ मध्ये मोटाउन डच पॉलिग्रामने.

अशा व्यवहारांतला सीबीएस (कोलंबियाची तेव्हाची अमेरिकन मालक) आणि जपानच्या सोनीचा व्यवहार मला सगळ्यात बोलका वाटतो. १९८७ मध्ये जपानी कंपन्यांनी डॅट, म्हणजे डिजिटल कॅसेटचं यंत्र बाजारात आणलं. अमेरिकन रेकॉर्ड कंपन्या हादरल्या, कारण आता मूळ आवाजाची हुबेहूब नक्कल घरबसल्या होणार होती. सीबीएसच्या प्रयोगशाळेने त्यावर कॉपीकोड नावाची युक्ती काढली. गाण्यातून सुरांची एक अगदी अरुंद पट्टी कापून टाकायची. यंत्रातल्या चिपला ती पट्टी रिकामी दिसली की रेकॉर्डिंग बंद. ही चिप नसलेली यंत्रं देशात विकूच देऊ नयेत, अशी विधेयकं अमेरिकन संसदेत आली. आणि डॅट बनवणाऱ्यांतल्याच सोनीने जानेवारी १९८८ मध्ये २०० कोटी डॉलर मोजून सीबीएस रेकॉर्ड्स ताब्यात घेतली. ज्यांनी कुलूप घडवलं, ते लोहारच विकत घेतले! दोन महिन्यांनी सरकारच्याच मानक संस्थेने निकाल दिला की कॉपीकोडने आवाज बिघडतो आणि त्याला चकवाही देता येतो. ती युक्ती तिथेच संपली. विक्रीमागे हे एकच कारण नव्हतं. बीटामॅक्स या आपल्या व्हिडिओ कॅसेटच्या पराभवातून सोनी शिकली होती की नुसतं यंत्र असून भागत नाही, त्यावर वाजवायला स्वतःचं काही हवं.

त्याच वर्षी, ऑगस्ट १९८८ मध्ये, अमेरिकेने एक जाडजूड व्यापार कायदा केला. तुमच्या प्रश्नाची बरीचशी उत्तरं त्यात आहेत. देशाच्या सुरक्षेला धोका असेल तर परदेशी खरेदी रोखायचा अधिकार त्याने राष्ट्राध्यक्षांना दिला, पण त्यात गाणी बसणं शक्य नव्हतं. पुस्तकं, चित्रपट आणि रेकॉर्ड यांना शत्रूदेशांवरच्या व्यापारबंदीतून वगळलं, म्हणून क्यूबाच्या गायकांच्या रेकॉर्ड इथे कायदेशीरपणे येऊ शकल्या. आणि ‘स्पेशल ३०१’ नावाची तरतूद आणली. जे देश कॉपीराइट, पेटंट नीट सांभाळत नाहीत त्यांची दरवर्षी यादी करायची आणि वेळ पडली तर त्यांच्या मालावर कर लादायचा. १९९१ मध्ये चीन आणि थायलंडबरोबर भारताचंही नाव सगळ्यात वरच्या वर्गात होतं. आपल्या बाबतीत मुख्य दुखणं औषधांच्या पेटंटचं होतं. चीनला १९९५ मध्ये १०० कोटी डॉलरहून जास्त मालावर शंभर टक्के कर लावण्याची धमकी दिली गेली. बनावट सीडी बनवणारे कारखाने हे त्यातलं एक मोठं कारण होतं.

आता त्या काळातल्या सहा बड्या कंपन्या बघा. सोनी जपानी, पॉलिग्राम डच, बर्टेल्समनची बीएमजी जर्मन, ईएमआय ब्रिटिश, एमसीए १९९५ पासून कॅनडाच्या सीग्रामकडे. अमेरिकन उरली एकटी वॉर्नर. तरी फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत जपानविरुद्ध तक्रार केली. जपान परदेशी रेकॉर्डिंगना १९७१ नंतरचंच संरक्षण देत होता. अमेरिकेचं म्हणणं, करारानुसार पन्नास वर्षं मागे, १९४६ पर्यंत जा. म्हणजे एल्विस प्रेस्लीची आरसीएवरची गाणी (मालक जर्मन), कॅपिटलवरचा फ्रँक सिनात्रा (मालक ब्रिटिश), आणि कोलंबियाचा जॅझ, ज्याचा मालक खुद्द टोकियोत बसलेला होता! जपानने डिसेंबर १९९६ मध्ये कायदा बदलला आणि वाद मिटला.

याला वेडेपणा म्हणण्याआधी हिशेब बघा. गाणं नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड झालं, हक्क न्यूयॉर्कमधल्या कंपनीच्या नावावर आहेत. फ्रान्समधून परवान्याचे पैसे आले की ती अमेरिकेची निर्यात धरली जाते, कंपनीचा मालक कुठलाही असो. त्यातून पगार इथे होतात, कलाकाराची रॉयल्टी इथे निघते, वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारातली देणी इथेच द्यावी लागतात. सगळं भागवून उरलेला नफा तेवढा मालकाकडे जातो. तेव्हा सरकार भांडतं ते इथे घडलेल्या कामासाठी, आणि मला ते योग्यच वाटतं.

राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. अमेरिकेत साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात. ज्यांनी ते गायलं, वाजवलं त्यांना आणि रेकॉर्ड कंपनीला एक पैसाही मिळत नाही. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणापुरता हा हक्क आला. इंटरनेट आणि सॅटेलाइट रेडिओच्या पैशातला निम्मा वाटा हक्कधारकाचा, ४५ टक्के मुख्य कलाकारांचा, ५ टक्के साथीच्या वादक-गायकांचा. साध्या रेडिओलाही हा नियम लावायचा म्हटलं की रेडिओवाले ओरड करतात: हा पैसा परदेशी मालकांच्या रेकॉर्ड कंपन्यांकडे जाईल! २००९ च्या सुमारास तर त्यांच्या प्रचारात हे वाक्य सतत असायचं. निम्मा वाटा कलाकारांचा असणार होता, हे त्या प्रचारात दबून गेलं. आणि स्वतः अमेरिकाच हा हक्क देत नाही म्हणून कित्येक देश आपल्या रेडिओवर वाजलेल्या अमेरिकन रेकॉर्डचे पैसे इथल्या कलाकारांना पाठवत नाहीत. परदेशी मालकाची भीती दाखवून परदेशातून येणारा पैसाच अडवला गेला.

एका म्हाताऱ्या ड्रमवादकाचा फोन मला अजून आठवतो. त्याने वाजवलेलं एक गाणं त्याच्या गावातल्या रेडिओवर जवळजवळ रोज लागायचं. त्याचे पैसे कुठल्या ओळीत दिसतात, एवढंच त्याला विचारायचं होतं. तशी ओळच नाही हे मी सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. कंपनी कुणाची आहे हे त्याने विचारलंही नाही.

आजचं चित्र म्हणाल तर त्या सहांच्या आता तीनच बड्या कंपन्या उरल्या आहेत. युनिव्हर्सल २०२१ पासून अॅमस्टरडॅमच्या शेअर बाजारात आहे, आणि त्याआधीच तिचा २० टक्के हिस्सा चीनच्या टेन्सेंटच्या पुढाकाराने झालेल्या गटाने घेतला होता. सोनी म्युझिक टोकियोच्या सोनीची. वॉर्नर २०११ मध्ये लेन ब्लाव्हाटनिक यांच्या कंपनीने घेतली. ते ओडेसात जन्मले, पण अमेरिकी नागरिक आहेत. रेडिओचे पैसे कलाकारांना मिळावेत यासाठीचं ‘अमेरिकन म्युझिक फेअरनेस अॅक्ट’ हे विधेयक २०२१ मध्ये मांडलं गेलं आणि पुढच्या संसदेतही पुन्हा आलं. या विषयात रस असेल तर कंपन्यांच्या मालकीपेक्षा त्या विधेयकाचं काय होतं यावर लक्ष ठेवा.