‘स्पष्ट बोला’ म्हणण्याआधी

माणसाचं नेहमीचं बोलणं आणि मुद्दाम स्पष्ट केलेलं बोलणं यांची तुलना करायची असेल, तर फक्त ‘स्पष्ट बोला’ सांगून रेकॉर्डिंग सुरू करू नका. कुणी आवाज चढवतो, कुणी वेग कमी करतो. ‘कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलताय असं समजा’ ही एकच सूचना सगळ्यांना त्याच शब्दांत द्या. नेहमीचं बोलणं आधी घ्या. उलट केलंत तर ठासून बोलायची लकब पुढेही रेंगाळते.

माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, जरा बाजूला. अगदी समोर धरला तर ‘फ’चा फुत्कार थेट आदळतो. रेकॉर्डिंग ४४,१०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला आवाजाचे इतके नमुने), १६ बिट, वेव्ह फाइल. दोन्ही वेळा गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण) तोच ठेवा, नाहीतर आवाजाच्या पातळीची तुलनाच करता येणार नाही.

प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाच फॉर्मंटांसाठी (तोंड-घशाच्या पोकळीत घुमून ठळक होणाऱ्या, स्वराची ओळख ठरवणाऱ्या वारंवारता) वरची मर्यादा पुरुषांना साधारण ५००० आणि स्त्रियांना ५५०० हर्ट्झ धरतात. तरी ‘ऊ’ तपासाच: मर्यादा जास्त झाली की पहिले दोन फॉर्मंट एकच होऊन बसतात. फॉर्मंट दाखवणारे लाल ठिपके स्पेक्ट्रोग्रामच्या (आवाजातल्या वारंवारतांचं चित्र) काळ्या पट्ट्यांवर पडतात का, ते स्वतः डोळ्यांनी बघा.

आणि कृपा करून थेट गटाच्या सरासरीकडे धावू नका. प्रत्येकाचा फरक त्याच्याच नेहमीच्या बोलण्याशी काढा. एकाचे स्वर एकमेकांपासून लांब सरकतात, दुसरा नुसते विराम वाढवतो. सरासरीत दोघंही पुसले जातात.